पाहुणीची चूल

माणसाला एकट्याला गाठायचं आणि दोन प्रश्न विचारायचे, एवढंच माझं काम होतं. एवढंच! त्यासाठी मी ऐन दिवाळीत घर सोडून पुण्याहून नागपूर, नागपूरहून साकोली आणि साकोलीहून सानगडी गाठली. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "काय मग, भंडाऱ्याकडे काय काय पाहिलंत?" तलाव पाहिले, असं मी सांगते आणि विषय बदलते. सांगायला बसलं की माझं डोकं तापतं. म्हणून आज एकदाचं लिहूनच काढते. गावाचं नाव खरं आहे, माणसांची नावं बदलली आहेत.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस एकटा असताना जे बोलतो तेच चार लोकांत बोलतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय; म्हणून प्रश्न दोन, तुम्हाला काय वाटतं आणि बाकीच्यांना काय वाटत असेल. परदेशी नियतकालिकांत अलीकडे यावर बरंच छापून येतं. चार माणसं जमली की प्रत्येक जण मनातलं गिळून टाकतो, कारण बाकीच्यांना काय हवंय याचा त्याने अंदाज बांधलेला असतो. तो अंदाज साफ चुकीचा असू शकतो. मग कोणालाच नको असलेली गोष्ट सगळे मिळून, एकमताने, हसतमुखाने करून मोकळे होतात. वर्गात शिकवायला हे फार छान वाटतं.

"सगळे हे प्रयोग कॉलेजच्या पोरांवर करतात, तुम्ही खेड्यात जा," असं आमच्या मार्गदर्शक सरांनी फर्मावलं. सर स्वतः पुण्याच्या बाहेर फक्त महाबळेश्वरला जातात. आमच्या कॉलेजातल्या एका बाईंचे मामा सानगडीला असतात. त्यांनी मामांना पत्र टाकलं, मामांचं "जरूर पाठवा" असं उत्तर आलं, आणि दिल्लीतलं एशियाड तोंडावर आलेलं असताना, सगळा वाडा शेजारच्यांच्या नव्या रंगीत टीव्हीपुढे ठिय्या मारून बसलेला असताना, मी साकोलीच्या स्टँडवर माझी वळकटी सांभाळत उभी होते.

भाऊबीज, सानगडी

मी मूळची रत्नागिरीची. भाताचं मला कौतुक नाही. पण आमच्याकडे भात डोंगराच्या कडेला जागा मिळेल तिथे अंग चोरून बसतो. इथे तो ऐसपैस पसरलेला. बांध घातलेल्या चौकोनी शेतांना इथे बांधी म्हणतात. बांधीला बांधी लागून पिवळं धान कापणीला आलेलं, मध्येच एखादं मोहाचं झाड, आणि प्रत्येक गावाला स्वतःचा तलाव. काही तलाव इतके मोठे की पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही. लहान तळ्याला बोडी म्हणायचं, आणि तलावाच्या उंच मातीच्या बांधाला पार. हा पार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर प्रशस्त होतं. दोघे भाऊ एकत्र राहत. थोरले श्रावणजी, म्हणजे ते पत्रातले मामा, उंच, कमी बोलणारे. धाकटे सदाशिव, त्याहून कमी बोलणारे. थोरल्यांच्या बायकोचं नाव सगुणाबाई, धाकट्यांच्या बायकोचं अनसूया. मुलंबाळं इतकी की कोणतं कोणाचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनाही त्याचं फारसं पडलं नव्हतं. घरात स्वयंपाक एक, पंगत एक.

"या जी मॅडमबाई," म्हणत सगुणाबाईंनी पायावर पाणी घातलं आणि त्याच क्षणी आतून वास आला. मासे! जवसाच्या तेलात, लसूण ठेचून, रसरशीत मासे शिजत होते. पुण्यात आमच्या घरमालकीणबाई मी अंडं उकडलं तरी खिडक्या उघडतात. कितीतरी महिने मी मासा चाखला नव्हता. मी मनात म्हटलं, देव पावला.

"घाबरू नका," सगुणाबाई म्हणाल्या, "पुण्याचे लोकं मच्छी नाई खात, मले मालूम हाय. तुमची चूल अलग केली."

आणि त्यांनी मला अंगणात नेलं. धाकट्यांच्या खोलीच्या दारासमोर, रस्त्यावरून सरळ दिसेल अशी, एक नवी कोरी मातीची चूल. शेणाने सारवलेली, कडेने पांढऱ्या मातीची बोटं ओढलेली, पुढ्यात रांगोळी. शेजारी नवं पातेलं, नवी कढई, वाटीसुद्धा नवी.

"आतमंदी मच्छीचा वास लागते म्हून इथं मांडली. अनसूया तुमच्यासाठी इथंच रांधन."

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार होते मी? कोणीतरी माझ्यासाठी माती कालवून चूल घातली, तिला रांगोळी काढली, आणि मी म्हणू, मला तुमच्या आतल्या पातेल्यातलं वाढा? मी म्हटलं, "कशाला एवढा त्रास घेतलात?" त्या म्हणाल्या, "त्रास कायचा जी?" आणि विषय संपला.

तेव्हापासून माझ्या नशिबी लाखोळीची डाळ, भात आणि बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा. वाईट होतं असं नाही. कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात, आणि सांभार घातलेली ती डाळ गरम भातावर चांगलीच लागते. पण दहा हातांवर बाकीची पंगत माशांच्या रश्शात बोटं बुडवत असताना मी आपली सोवळ्यातल्या आजीबाईंसारखी बाजूला बसून डाळभात कालवायचा, याला काय म्हणावं? बरं, तेवढंही सुखाने नाही. जेवायला बसले की सगुणाबाई येणार. "मीठ बराबर हाय का पाहून घेते," म्हणणार आणि माझ्याच पातेल्यातून वाटीभर डाळ घेऊन, तिथेच उकिडव्या बसून, भुरके मारत संपवणार. रोज! मीठ रोज बरोबर असायचं. मला वाटायचं, बाई, आत एवढे मासे आहेत, तुम्ही ते खा आणि मला माझी डाळ तरी धड खाऊ द्या.

एकटं माणूस

कामाची तर दाणादाण उडाली. या गावात एकटं माणूस मिळतच नाही!

किराणा दुकानदाराला मी विचारलं, "मुलींना शिकायला साकोलीला पाठवावं असं तुम्हाला वाटतं का?" उत्तर दिलं गूळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने. त्याच्या उत्तराला दुरुस्ती सुचवली पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने. दुकानदार म्हणाला, "हव, तसंच." मी म्हटलं, "अहो, तुमचं स्वतःचं मत सांगा." तो गोंधळून म्हणाला, "माह्यं अलग मत कायले राहीन जी?"

मग मी एकाला घराच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. एवढं करायची खोटी, अंगणात माणसं गोळा झाली. भरदिवसा दार लावलं म्हणजे आत कोणीतरी आजारी आहे किंवा भांडण जुंपलंय, हा इथला हिशोब. एक बाई तर खिडकीतून लिंबू घेऊन उभी. "चक्कर आली का पाहुणीले?" पुण्यात बरोबर उलटं. तिथे माणूस एकटा हवा तेवढा मिळतो, दाराची साखळीसुद्धा न काढता फटीतून बोलतो, आणि "आम्हाला काही नको" म्हणून दार लावून घेतो.

शेवटी मला पार सापडला. तलावाच्या बांधावर वाट इतकी अरुंद की दोन माणसं कशीबशी शेजारी चालतात, आणि दोन्ही बाजूंना लांबवर सगळं उघडं. लोकांना आपण दिसतो म्हणून संशय नाही, ऐकू मात्र काही जात नाही. मी एकेकाला "चला, तलाव दाखवा," म्हणून न्यायला लागले. पहिल्याच दिवशी पाय घसरून गुडघाभर चिखलात गेले आणि शिंगाड्याच्या वेलाचा काटा टाचेत घुसला. शिंगाडे उपासाला खाताना मला कधी वाटलं नव्हतं की हे फळ असं उलटून चावेल.

तरी लोक बोलेनात. मग मी भर दुकानात, सगळ्यांसमोर, आईच्या गळ्याची शपथ घेतली, की पारावर जे बोलाल ते पारावरच राहील. या शपथेनंतर लोक बोलते झाले. आणि या शपथेनेच पुढे माझा गळा धरला.

आत्याबाई

दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, नाटक, आणि मुख्य म्हणजे पाहुणे. लेकी, जावई, मावश्या, आत्या, सगळी नाती ज्या गावची मंडई असेल तिथे उतरतात. लग्नं इथे ठरतात, रुसवे इथे निघतात आणि नवे इथे सुरूही होतात.

आमच्याकडे अड्याळहून आत्याबाई आल्या. श्रावणजी आणि सदाशिव या दोघांची सख्खी आत्या. बोलणं असं की पारापलीकडे ऐकू जावं. बैलगाडीतून उतरल्या, अंगणात आल्या, धूर निघणाऱ्या माझ्या चुलीपाशी थांबल्या, चुलीपुढे बसलेल्या अनसूयेकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. मी आपली खूश, की चला, कोणीतरी शांत माणूस आलं. कर्म माझं!

त्या संध्याकाळपासून घराचा रंगच बदलला. श्रावणजी आधी जेवून गेले, सदाशिव मागाहून जेवले. दोघी जावा एकमेकींशी "हे घ्या," "हे ठेवा" एवढंच बोलू लागल्या. मला वाटलं, सणाची दगदग. मी काही विचारलं नाही, कारण माझं लक्ष माझ्या प्रश्नांत. पण सकाळी श्रावणजी आपणहून म्हणाले, "चाला मॅडमबाई, मीबी येतो पारावर."

पुढचं मी सांगू शकते, कारण नंतर त्यांनी स्वतःच ते सगळ्यांसमोर सांगितलं. पारावर चालता चालता ते म्हणाले, "आमचं घर अलग होऊन राहिलं, मॅडमबाई. मंडईच्या दुसऱ्या दिसी चार जाणते बसन अन् बांध्या वाटन. मले नाई पायजे. याले मी खांद्यावर बसवून फिरवलं. पण सदाच्या मनात आलं, मंग मी कसा आडवा येऊ?"

"सदाशिवराव तसं म्हणाले तुम्हाला?"

"म्हणाले कायले पायजे? दिसून राहिलं नाई का?"

काय दिसून राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच दुपारी सदाशिव आले. त्याच वाटेवर, त्याच खाली मानेने. "दादाच्या मनात हाय, तर होऊ द्या. मी नाई म्हटलं तर त्याले वाटन, हा आयुष्यभर गळ्यात पडते. पण मले झोप नाई जी." दुसऱ्या दिवशी अनसूया आली आणि पहिल्या वाक्यालाच रडायला लागली. थोरल्या जावेला ती बाई म्हणते. "बाईनं मले सैपाकघरातून काढलं. माह्या हातून का चुकलं थे तरी सांगाव."

मी तलावाच्या बांधावर उभी आणि माझ्या अंगावर काटा! एका घरात तीन माणसं, तिघांनाही नको, आणि तिघांचीही खात्री की बाकीच्यांना हवंय. जे मी वर्गात खडूने फळ्यावर लिहिते ते माझ्यासमोर चालत येऊन रडत होतं. क्षणभर, खरं सांगते, मला आनंद झाला. प्रबंधाला हवं ते सापडलं म्हणून. दुसऱ्या क्षणी माझीच मला किळस आली. आणि तिसऱ्या क्षणी आठवली ती आईच्या गळ्याची शपथ. एकाचं दुसऱ्याला सांगायची सोय नाही! अरे, समोरासमोर बसा आणि विचारा ना एकमेकांना! एका घरात राहता, एका तांब्याने पाणी पिता, आणि मनातलं सांगायला पुण्याची बाई शोधता?

चूल

मी आत्याबाईंना गाठलं. त्या ओट्यावर उकडलेले शिंगाडे सोलत बसल्या होत्या. मी सरळच विचारलं, "आत्याबाई, या घरात कोणी म्हटलं वेगळं व्हायचं म्हणून?"

"म्हणाव लागते का? मी आली तवाच पाहिलं. एका घरात दोन चुली पेटल्या म्हणजे घर एक राह्यते का, बाई? सारं गाव पाहून राहिलं. मी श्रावणले म्हटलं, 'जे झालं थे झालं, आता रीतसर करा.' सदालेबी तेच म्हटलं. दोघंबी चूप राह्यले. नाई म्हणाचं असतं तर म्हणाले असते ना!"

मी उडालेच. "अहो, ती चूल माझी आहे! माझ्या जेवणासाठी घातली आहे!"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे पाहावं. "तुमी चार दिसाच्या पाहुण्या. पाहुणीसाठी कोणी चूल मांडते का? पाहुणी निमित्त राह्यते, माय. ज्याले मांडाची असते थो मांडते."

मी तडक सगुणाबाईंकडे गेले. म्हटलं, "ती चूल मोडा. मी आत जेवीन. वासाचं मला काही नाही." त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या आता. अनसूयाले लागन थे चूल." आणि डोळ्यांत टचकन पाणी! मी हात टेकले. मग संध्याकाळी मी त्या चार जाणत्यांपैकी दोघांना गाठून तेच सांगितलं, चूल माझ्यासाठी आहे. ते हसले. एक म्हणाला, "पाहुणीवर कायले ढकलता जी? होते असं घरोघरी."

मंडई झाली. पाळणे फिरले, दंडारीवाले नाचले, भज्यांच्या कढया रिकाम्या झाल्या. मला काहीएक गोड लागलं नाही. दोघे भाऊ मंडईत दोन टोकांना उभे होते आणि दोघांच्याही हातात एकमेकांच्या पोरांची बोटं होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

पंगत

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरंजी पडली. चार जाणते बसले, पाहुणे भिंतीला टेकले. सदाशिवांनी कोपऱ्यात मोजायचा दोर आणून ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. आत्याबाईंनी विचारलं, "श्रावण, सदा, दोघायची मर्जी हाय ना?"

"सदाची असन तर माह्यी हव," श्रावणजी म्हणाले.

"दादाची असन तर माह्यीबी हव," सदाशिव म्हणाले.

"झालं तर," एक जाणता म्हणाला, "दोघायची हव हाय." आणि कोणालाही त्यात काही खटकलं नाही! एकाही माणसाला! दोघांनीही उत्तर दिलंच नव्हतं, एकमेकांकडे ढकललं होतं, आणि एवढी पिकली डोकी मान डोलावत बसली होती. माझ्या कानशिलात ठणके मारायला लागले.

"आधी एक पंगत होऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या. "एका चुलीचं शेवटचं जेवून घ्या. मंग दोर धरा."

पानं मांडली. आतून मोठ्या पातेल्यात मरळ मासा आला, लालभडक रस्सा, वर सांभार पेरलेला. दोघे भाऊ शेजारीशेजारी बसले आणि भाताकडे बघत राहिले. सगुणाबाई वाढत होत्या. आणि तेवढ्यात अनसूया अंगणातल्या त्या शिंच्या चुलीवरून, डोळे पुसत, माझी डाळ घेऊन आली. नवी वाटी. नवं पातेलं.

माझा बांध फुटला. मी वाटी बाजूला सारली आणि उभी राहिले.

"नको मला ही डाळ! मला मासा वाढा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी रत्नागिरीची आहे! मी दात आले तेव्हापासून मासे खाते. आल्या दिवसापासून तुमच्या माशांच्या वासाने माझा जीव कासावीस झालाय आणि मी डाळ गिळतेय. मला ही चूल नको होती, कधीच नको होती!"

सगुणाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "मंग सांगतलं काहून नाई जी?"

"कशी सांगणार? तुम्ही चूल घातलीत, रांगोळी काढलीत. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल!"

"अवं माय!" सगुणाबाई म्हणाल्या. "मलेबी कुठं पायजे होती थे चूल? तुमच्यासाठी म्हून मांडली. मले तर वाटलं, अनसूयाले बरी वाटून राहिली, आपली आपली अलग चूल."

"मले?" अनसूया किंचाळलीच. "बाई, तुमी मले बाहेर बसवलं! मले वाटलं तुमाले मी सैपाकघरात नको!"

"मी कवा म्हटलं?"

"मी तरी कवा म्हटलं?"

श्रावणजींनी हळूच मान वळवली. "सदा, तुले अलग व्हाचं होतं ना?"

"मले? दादा, तुले व्हाचं होतं म्हून मी..." आणि तो पुरुषासारखा पुरुष भातावर हात ठेवून हुंदके द्यायला लागला. श्रावणजींनी त्याच्या पाठीवर उष्टाच हात ठेवला. मग दोघांनीही, पारावर जे मला सांगितलं होतं ते, अगदी शब्दाशब्दाने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ते थांबेचनात. मी परत माझ्या पानावर बसले.

आत्याबाई मात्र घुश्शात. "मंग मी अड्याळवरून येऊन लोकं कायले जमवले?" कोणीतरी म्हणालं, "जेवाले जमवले, आत्या." पहिल्यांदा हशा पिकला. जेवण झाल्यावर सदाशिवांनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली, माती भिजवून घातलेली ती चूल चार घावांत फोडली आणि ढेकळं वाडीतल्या वांग्यांच्या आळ्यात टाकली. दोराने बैल बांधले.

आणि मासा? माझ्या पानात मरळीचा सगळ्यात मोठा तुकडा आला. सगळं घर, चार जाणते, आत्याबाई, मुलं, सगळे हात थांबवून बघत होते, ही खरंच खाते का. मी घास घेतला. म्हटलं, "वा! काय चव आहे!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा बाकी होता. तिथून पुढे मी निघेपर्यंत मला दोन्ही वेळा मासे. सकाळी न्याहारीलासुद्धा सुकवलेले झिंगे.

परत

निघताना श्रावणजींनी सगळ्यांसमोर झिंग्यांचा डबा दिला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अय्या, मला फार आवडतात!" सगुणाबाई बसपर्यंत पोचवायला निघाल्या. रस्त्याने न जाता त्यांनी पाराची वाट धरली. डबा त्यांच्याच हातात होता. तलावावर ऊन पसरलं होतं आणि पलीकडे कापणीच्या बाया ओळीने वाकल्या होत्या.

"मॅडमबाई, आता इथं कोणी नाई. खरं सांगा. मच्छी आवडली का तुमाले?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू? मला समुद्राच्या माशांची सवय. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो हो."

त्या थांबल्या. पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की मला वाटलं, पारावरून खाली जातात. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मलेबी येते थो वास. लगन होऊन आली तवापासून येते."

"म्हणजे?"

"माह्यं माहेर दिघोरीचं. आमी माळकरी. मच्छी कवा शिवली नाई. इथं आली, सारेच खाते, मंग मीच कायले अलग? कोणी जबरदस्ती नाई केली बाप्पा. कोणी विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई. पुण्याच्या पाहुणीचं पत्र आलं तवा मले भल्ली खुशी झाली. म्हटलं, तिच्या निमित्तानं घरात एक चूल बिनमच्छीची राहीन. चार दिस का होईना, दोन घास सुखाचे खाईन."

मला ते रोजचं मीठ पाहणं आठवलं. वाटीभर डाळ, उकिडवं बसून. आणि आत्याबाईही आठवल्या. पाहुणी निमित्त राह्यते, माय.

"अहो, मग पंगतीत सगळ्यांसमोर काय म्हणालात? मला ती चूल नको होती म्हणून!" मी अक्षरशः ओरडले. "तेव्हाच सांगायचं की! एवढे भाऊ बोलले, अनसूया बोलली, तुम्हीच का नाही?"

"चार लोकात?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "घर एक राह्यलं, झालं ना. पुण्याले गेल्यावर सांगा कोणाले सांगाचं थे. इथं नका सांगू."

बस आली. कंडक्टर ओरडायला लागला. मी पायरीवर चढले आणि तिथूनच विचारलं, "मग आता काय करणार?"

"आता काय," सगुणाबाई झिंग्यांचा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "सांजच्याले मरळ हाय."